पिकअपचं नाक किती वर असावं

"गाडी नाकावर बसलीय, काका. पुढून दोन इंच उचलून द्या."

तरुणानं चावी पुढं केली. मिस्त्रीनं ती घेतली नाही. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि बोटानं स्प्रिंगचे पाटे मोजू लागला. मोजून झाल्यावर उठला, फडक्याला हात पुसले आणि विचारलं, "मागं दोन पाटे कोणी वाढवले?"

"मागच्या साली, धानाच्या हंगामात. माल जास्त होता, गाडी मागून बसत होती."

"मंग नाक खाली गेलं नाही बाबू. शेपूट वर गेलं."

या दोघांची नावं सांगायची गरज नाही. असा पिकअपवाला आणि असा पाटेवाला मिस्त्री गडचिरोली-चंद्रपूरच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी भेटेल. त्यांच्यातला हा वादही जुनाच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यात तो जास्त जिव्हाळ्याचा वाटतो, कारण इथं पिकअप ही हौसेची गोष्ट नाही. चंद्रपूरहून मूल, गडचिरोली करत येणारा राष्ट्रीय महामार्ग 930 धानोऱ्यातून पुढं मुरूमगावमार्गे छत्तीसगडातल्या मानपूरकडे जातो. तो सोडून दोन्ही बाजूंना वळलं की जंगल लागतं, आणि जंगलात विखुरलेली गावं. मध्ये नाले, नाल्यांवर रपटे, पुढं पांदण. मोठा ट्रक आत शिरत नाही, बैलगाडीला दिवस लागतो. मधली सगळी वाहतूक एमएच 33 पाटीच्या पिकअपनं होते. दिवाळीनंतर धानाचे कट्टे आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्राकडे, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपानं, बारा महिने किराणा, सिमेंट, सळई आणि बाजारकऱ्यांचं सामान. एका गाडीवर एक घर चालतं आणि त्याच गाडीवर बँकेचा हप्ताही असतो.

अशा गाडीचं नाक वर करायचं की नाही, हा प्रश्न म्हणूनच नीट समजून घ्यायला हवा.

बहुतेक वेळा पिकअप कारखान्यातून निघते तेव्हा मागून थोडी उंच असते. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून बाजूनं पाहिलं की ती किंचित पुढं झुकलेली दिसते. अनेकांना हा दोष वाटतो. तो दूर करण्यासाठी पुढची बाजू उचलून मागच्या उंचीला आणायची, याला गॅरेजमध्ये 'लेव्हल करणं' म्हणतात. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस 2016 मध्ये आणि टोयोटाची हायलक्स 2022 मध्ये भारतात आली. या गाड्यांना पुढं गुंडाळीची स्प्रिंग असते. तिच्या डोक्यावर धातूची जाड चकती, म्हणजे स्पेसर, बसवला की दीड-दोन इंच उंची मिळते. आपल्याकडच्या अनेक मालवाहू पिकअपना पुढंही पाटेच असतात. तिथं एक पाटा वाढवतात, नाहीतर आहेत तेच पाटे ठोकून त्यांची कमान वाढवतात.

तरुणाला हेच करून हवं होतं. त्याच्यापाशी कारणं होती आणि ती पोकळ नव्हती.

"पावसाळ्यानंतर रपट्याची हालत तुम्ही पाहता काका. दोन्ही टोकांना सिमेंट तुटून खड्डा पडतो. उतरताना बंपर टेकतो. मागच्या महिन्यात दगडानं ऑइलचं चेंबर फुटता फुटता वाचलं. नाक दोन इंच वर असलं तर चाक आधी चढंल, लोखंड नंतर येईल."

मिस्त्रीनं मान हलवली. "हे तुझं खरं आहे."

आणि ते खरंच आहे. पुढच्या चाकाच्या पुढं गाडीचा जेवढा भाग निघालेला असतो, तो जितका उंच, तितका चढ ती न टेकता घेऊ शकते. नाल्याच्या काठावर दोन इंच म्हणजे बंपर सलामत राहणं आणि न राहणं यांतला फरक. कर्जाच्या गाडीचं इंजिन ऑइल नाल्यात सांडलं तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि दुरुस्तीचा खर्च वर येतो. लेव्हलिंगच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे. दिसण्याचा मुद्दा तरुणानं लाजत लाजत मांडला, पण मांडला. रिकामी गाडी गावात शिरते तेव्हा ती गुडघे टेकलेल्या बैलासारखी दिसते म्हणाला. ज्याच्या दारात घराण्यातली पहिली चारचाकी उभी आहे, त्याचा हा मुद्दाही हसण्यावारी नेऊ नये.

"मंग करून द्या ना."

"करून देतो. आधी दोन फळ्या आण."

दुकानामागं दोन इंच जाडीच्या सागाच्या फळ्या पडल्या होत्या. दिवस मावळत होता. मिस्त्रीनं तरुणाला गाडी जवळच्या भातगिरणीच्या आवारात न्यायला सांगितलं. तिथं सिमेंटची सपाट फरशी होती आणि समोर चुन्यानं पांढरी केलेली भिंत. गाडीचे दिवे भिंतीपासून दहा मीटरवर येतील अशी ती उभी केली. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मिस्त्रीनं टेपनं मोजली आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर कोळशानं आडवी रेघ ओढली. मग म्हणाला, "डिपर लाव."

खालचा दिवा लागला. उजेडाची वरची कडा रेघेच्या चार-पाच बोटं खाली पडली होती.

"असंच पाहिजे. दहा मीटरला चार-पाच बोटं खाली. आता पुढची दोन्ही चाकं फळ्यांवर चढव."

चाकं फळ्यांवर चढली. गाडीचं नाक दोन इंच उचललं गेलं. एकही नट सैल न करता लेव्हलिंग झालं होतं. भिंतीवरची उजेडाची कडा मात्र रेघ ओलांडून वर गेली. मिस्त्रीनं तिथं दुसरी खूण केली आणि आधीच्या खुणेपासून हाताची वीत ताणून पाहिली. बरोबर एक वीत.

"दोन इंच उचलले, तं वीतभर उजेड चढला?" तरुणाला पटेना.

हिशेब मात्र सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या आसात साधारण तीन मीटर अंतर धरलं आणि पुढचं टोक 5 सेंटिमीटर उचललं, तर गाडी जवळपास एक अंशानं कलते. एक अंश गाडीवर दिसत नाही, पण दिव्याचा झोत लांब जातो तसा तो अंश फाकत जातो. भिंतीपर्यंत वीतभर होतो. 50 मीटरवर, समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यापर्यंत, झोत दिव्यापासून जेवढा खाली यायला हवा होता त्यापेक्षा 80 सेंटिमीटरहून जास्त वर असतो. डिपर दिव्याचा झोत साधारण शंभरात एक इतका खाली झुकलेला असावा लागतो. दोन इंचांच्या फळीनं तो उतार संपून चढ सुरू होतो. मग दिवा रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

"अजून गाडी रिकामीच आहे," मिस्त्री म्हणाला. "आता माल भर."

गिरणीत धानाचे कट्टे रचलेले होते. चाळीस किलोचा एक, असे तीस कट्टे हमालांनी चढवले, बाराशे किलो. मागचा भाग तीनएक इंच बसला. भिंतीवरची तिसरी खूण पहिलीपासून हातभर वर गेली.

तरुण भिंतीकडे पाहत राहिला. मग त्यानं स्वतःहून फळ्यांवरून गाडी खाली घेतली. तेच तीस कट्टे, पण आता नाक मूळ जागी. उजेड खाली आला. तरी रेघेच्या वरच होता. मिस्त्रीनं स्टिअरिंगशेजारचं शून्य, एक, दोन, तीन असे आकडे असलेलं छोटं चाक दाखवलं. "हे कधी फिरवलंस?"

"ते कशाचं आहे?"

"दिव्याचं. माल भरला की आकडा वाढवायचा, उजेड खाली येतो. रिकामी झाली की शून्यावर आणायचं."

चाक फिरवताच कडा रेघेच्या खाली उतरली. हे बटण अनेक गाड्यांत असतं आणि अनेक चालक वर्षानुवर्षं त्याला हात लावत नाहीत. ते गाडीला कंपनीनं ठेवलेल्या कलाचा हिशेब धरून बसवलेलं आहे. नाक आणखी दोन इंच वर नेलं की त्या बटणाचा आवाका तिथंच खर्च होतो, मालासाठी काही उरत नाही.

धानोऱ्याच्या रस्त्यांवर रात्री सायकलवाले असतात, दिवा नसलेल्या बैलगाड्या असतात, खरेदी केंद्रावरून उशिरा परतणारे ट्रॅक्टर असतात. जंगलातून चितळ उडी मारून येतं. 2021 साली छत्तीसगडकडून आलेल्या हत्तींच्या कळपानंतर तर या पट्ट्यात रात्रीच्या रस्त्याची भीती आणखी वाढली. अशा रस्त्यावर उजेड झाडांच्या शेंड्यांवर पाडून चालायचं, आणि समोरच्याला आंधळं करायचं, हे लेव्हलिंगचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. गॅरेजमधल्या चर्चेत ते सगळ्यात शेवटी येतं, कारण गॅरेज दिवसा उघडं असतं.

तरुण हार मानणारा नव्हता. "दिवे तं खाली करता येतात काका. मागं दोन स्क्रू असतात."

"येतात. नाक उचललं की ते खाली केलेच पाहिजेत. किती जण करतात?"

"मी करीन."

"मंग तुझा दिव्याचा प्रश्न मिटला. आता ब्रेकचं बोलू."

इथं मिस्त्रीनं गाडीखाली टॉर्च मारला. मागच्या आसाजवळ चेसिसला एक छोटी पितळी-लोखंडी डबी, तिच्यातून निघालेली एक दांडी आणि दांडीचं दुसरं टोक आसाला जोडलेलं. बऱ्याच पिकअपमध्ये हा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. त्याचं काम साधं आणि मोलाचं आहे. गाडी रिकामी असताना मागची चाकं हलकी असतात. त्यांना पूर्ण ब्रेक लागला तर ती जागीच जाम होतात आणि गाडीची पाठ फिरते. म्हणून व्हॉल्व्ह मागचा दाब कमी ठेवतो. माल भरला की पाटे दबतात, चेसिस आणि आस जवळ येतात, दांडी हलते आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळू लागतो. वजन किती आहे हे त्या डबीला कळत नाही. तिला कळतं ते फक्त अंतर.

"तू मागं दोन पाटे वाढवलेस," मिस्त्री म्हणाला. "आता दीड टन भरलं तरी गाडी आधीएवढी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी अर्धी रिकामी आहे. तो मागच्या चाकांना पुरा ब्रेक देतच नाही. घाटात उतरताना गाडी थांबायला उशीर लागतो म्हणून लायनर बदलून गेलास ना दोनदा?"

तरुण गप्प झाला. तो गेला होता.

पाटे वाढवल्यानं मागची पाठ कडक होते, हे सगळ्यांना माहीत असतं. किती कडक होते, हे थोड्यांना. सारख्या जाडीचे सात पाटे असतील आणि आठवा घातला तर कडकपणा ढोबळ मानानं सातव्या हिश्शानं वाढतो. पण पाट्याची जाडी वाढवली तर हिशेब घनानं चालतो. आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा पाटा घातला की तो एकटाच जवळपास दुप्पट ताठ असतो. आणि मागची बाजू उंचावल्यावर आणखी एक गोष्ट बिघडते. सायकलचा पुढचा चिमटा मागं कललेला असतो म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहू पाहतं. मोटारीच्या पुढच्या चाकांच्या बैठकीतही तसाच कल असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. शेपूट वर गेलं की तो कल कमी होतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परतत नाही आणि वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, त्याचे क्रॉस लवकर वाजायला लागतात. रिकामी गाडी खड्ड्यात आपटली की मागची चाकं जमीन सोडतात.

म्हणजे तरुणाला जे नाक खाली गेल्यासारखं वाटत होतं, त्याचं कारण मागं होतं. तो आता मागच्या चुकीची भरपाई पुढं करायला निघाला होता. आपल्याकडच्या निम्म्या लेव्हलिंगची गोष्ट हीच असावी, असं या धंद्यातली माणसं पाहिली की वाटतं. आधी जास्त मालासाठी मागं पाटे, मग रिकामी गाडी कुरूप दिसते म्हणून पुढं पाटे, मग शॉकअप पुरत नाहीत म्हणून लांब शॉकअप. गाडी दर वर्षी दोन बोटं आकाशाकडे सरकते.

"पण काका, तुम्हीच तं पाटे वाढवून देता लोकांना. तुमचं दुकान त्याच्यावर चालतं."

प्रश्न धारदार होता. मिस्त्रीनं तो टाळला नाही.

"दिले. वीस वर्षं दिले. माणूस येतो, म्हणतो माल आहे, गाडी बसते. मी भट्टी पेटवली, पाटा लाल केला, ठोकला, गोलाई दिली, चढवला. तेव्हा मला वाटायचं गाडी मजबूत केली. मंग पाहिलं, माझा पाटा तुटत नाही, पण चेसिसला चीर जाते. हब तापते. टायर फुटतो. पाटा एकट्यानं वजन घेत नाही बाबू. आस, बेअरिंग, ब्रेक, टायर, सगळे तेवढेच राहतात. मी फक्त गाडीचं बसणं लपवलं."

या कबुलीत धातूशास्त्राचा एक धडाही आहे. पाट्याचं पोलाद कारखान्यात ठरावीक तापमानाला तापवून, तेलात विझवून, पुन्हा मंद तापवून लवचीक केलेलं असतं. ते कोळशाच्या भट्टीत लाल करून हवेत थंड होऊ दिलं की ती लवचिकता जाते. पाटा दिसायला कमानदार होतो, पण सहा महिन्यांत पुन्हा बसतो किंवा मधल्या बोल्टच्या भोकाशी तुटतो. ठोकलेल्या पाट्यापेक्षा नवा पाटा महाग पडतो, पण तोच घ्यावा.

भार किती आहे एवढंच पाहून भागत नाही. तो कुठं आहे हेही पाहावं लागतं, आणि इथं त्याचं उदाहरण बांबूचं. धानोऱ्याला लागूनच मेंढा (लेखा) हे गाव आहे. 2009 साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश तिथं आले आणि बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबू ही इथल्या माणसाच्या कमाईची वस्तू, आणि बांबू हा पिकअपसाठी सगळ्यात फसवा माल. तो हौद्यात मावत नाही, मागं लोंबतो. समजा तीनशे किलो माल असा ठेवला की त्याचा मध्य मागच्या आसाच्या अर्धा मीटर मागं पडला. आसांत तीन मीटर अंतर असलेल्या गाडीत त्यामुळं पुढच्या चाकांवरचं पन्नास किलो वजन उचललं जातं. मागचा आस टेकू होतो आणि गाडी तराजू होते. ज्या चाकांनी वळायचं आणि सगळ्यात जास्त ब्रेक घ्यायचा, तीच हलकी.

तरुणाला वाटत होतं की नाक उचलल्यानंही असंच वजन मागं सरकतं, आणि म्हणून मिस्त्री नको म्हणतो. इथं मात्र मिस्त्रीच्या बाजूनंही खोटं बोलू नये. एका अंशाच्या कलानं वजनाची वाटणी जेमतेम अर्धा टक्का हलते, ती जाणवतही नाही. पुढची बाजू उचलली की गाडी लगेच उलटते, असं भय घालणारे लोक आहेत. ते बरोबर नाही. खरं नुकसान दिवे, चाकांचं अलाइनमेंट, ताणलेले शॉकअप आणि बॉल जॉइंट यांचं होतं. स्पेसर बसवलेल्या गाडीत पुढच्या सस्पेन्शनच्या हातांचे कोन बदलतात, टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेनं झिजतो. अलाइनमेंट लगेच करून घेतलं नाही तर काही हजार किलोमीटरमध्ये टायरची जोडी जाते. पण नाक आधीच वर असलेल्या गाडीत मागं जास्त माल भरला, की कल दोन-तीन अंशांवर जातो, आणि तिथून पुढं सगळे तोटे एकदम येतात.

अमेरिकेत याचं टोक गाठलं गेलं. तिथल्या आग्नेय भागातल्या तरुणांत पिकअपचं नाक खूप वर आणि पाठ खाली करण्याची टूम पसरली. चालकाला बॉनेटपलीकडचा रस्ता दिसेना. नॉर्थ कॅरोलायना राज्यानं 1 डिसेंबर 2021 पासून कायदा केला की पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच असेल तर ती गाडी रस्त्यावर चालणार नाही. व्हर्जिनियानं 2022 मध्ये आणि साउथ कॅरोलायनानं 2023 मध्ये तसंच केलं. आपल्याकडे कोणी हौसेनं तशी गाडी करत नाही. पण दोन इंच नाक उचललेली आणि वर दोन टन धान भरलेली पिकअप गडचिरोलीच्या रस्त्यावर नेमकी तशीच दिसते.

"आणि पोलीस?" तरुणानं विचारलं. "गावात अर्ध्या गाड्या अशाच आहेत, कोणाला कोण बोलतं?"

मिस्त्रीनं याचं उत्तर दिलं नाही, पण कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182 अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जादा मालाला कलम 194 खाली वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. तिथं दिवे आणि ब्रेक तपासतात. अपघात झाल्यावर विम्याचा सर्वेअर सगळ्यात आधी काय बदललंय ते पाहतो. हप्ता सुरू असलेल्या माणसानं हे शेवटचं वाक्य विसरू नये.

रात्र झाली होती. कट्टे उतरले. हमालांना चहा आला. तरुणानं बशीत चहा ओतून घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुमचं सगळं बरोबर आहे काका. पण रपटा तं तिथंच आहे. चेंबर फुटलं तं तुम्ही नाही, मी ढकलणार गाडी."

हा मुद्दा तो शेवटपर्यंत सोडणार नव्हता आणि त्यानं सोडूही नये. गाडी उंच करायची वेळ माणसावर का येते? रस्ता नीट नाही म्हणून. रपट्याच्या टोकाला दोन टोपली मुरूम आणि सिमेंट पडलं तर या गावच्या सगळ्या गाड्यांचं नाक एकदम दोन इंच उचलल्यासारखं होईल. ते काम ग्रामपंचायतीचं आणि बांधकाम विभागाचं. ते होईपर्यंत तरुणानं काय करायचं, याचं उत्तर मिस्त्रीपाशी होतं, आणि ते ऐकण्याजोगं आहे.

"उद्या ये. मागचे वाढवलेले दोन्ही पाटे काढतो. तुझे पुढचे पाटेही पाच वर्षांत बसलेत, ते मी मघाशीच मोजलं. त्यांच्या जागी कंपनीचे नवे घालतो. म्हणजे नाक कंपनीनं ठेवलं होतं तिथं परत येईल. त्यातच तुला इंचभर मिळंल. चेंबरखाली लोखंडी पत्र्याचं गार्ड लावू. आणि माल कागदावर लिहिलाय तेवढाच भर."

"एवढ्यानं होईल?"

"रिकामी चालवतोस तेव्हा नाक थोडं खाली दिसंल. दिसू दे. ते मालासाठी ठेवलंय."

पुढचे थकलेले पाटे बदलून मूळ उंची परत मिळवणं आणि मूळ उंचीच्या वर जाणं, यांतला फरक मिस्त्रीनं इथं दाखवला. पहिलं दुरुस्ती आहे. त्याला परवाना लागत नाही, व्हॉल्व्ह फसत नाही. दुसरं गाडीत बदल आहे. बहुतेक वेळा माणसाला हवं असतं ते पहिलंच, पण जुनी उंची किती होती हे कोणी मोजून ठेवलेलं नसतं. नवी गाडी आणली त्याच दिवशी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजून गाडीच्या पुस्तकात लिहून ठेवावं. पाच वर्षांनी त्या चार आकड्यांची किंमत कळते.

मग ज्यानं नाक उचलावं असा माणूस कोणीच नाही का? आहे. ज्याची पिकअप मालाची नाही, जी दुहेरी केबिनची आहे, चार माणसं आणि थोडं सामान घेऊन वनखात्याच्या रस्त्यांवर किंवा शेताच्या बांधावर चालते, जिच्या हौद्यात कधीच पाचशे किलो पडत नाहीत, त्यानं आरटीओत आधी विचारून, इंचभर, फार तर दीड इंच उंची घ्यावी. त्याच दिवशी दिवे भिंतीवर बसवून घ्यावेत, अलाइनमेंट करावं, शॉकअपची लांबी तपासावी. धानाची, सिमेंटची, बांबूची गाडी असेल तर उचलू नये. या लेखाचं मत इतकं स्वच्छ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दुकानात आली. मागचे पाटे सुटले तेव्हा वाढवलेल्या पाट्याच्या मधल्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर दिसली. मिस्त्रीनं तो पाटा तरुणाच्या हातात दिला, काही बोलला नाही. नवे यू-बोल्ट आवळून झाल्यावर मात्र त्यानं बजावलं, पाचशे किलोमीटर झाले की ये, हे पुन्हा आवळावे लागतात.

ज्यांच्याकडे पिकअप आहे, त्यांनी दिवाळीआधी, धान निघायच्या आत, एका संध्याकाळी एवढं करावं. सपाट जागा, पांढरी भिंत, दहा मीटर अंतर, कोळशाची एक रेघ. गाडी आधी रिकामी उभी करून पाहावी, मग रोजचा माल भरून. उजेड रेघेच्या वर गेला तर आधी स्टिअरिंगशेजारचं बटण फिरवावं, त्यानं भागलं नाही तर मिस्त्रीकडे जावं. पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.